दोन्ही पाय की एकच?

"गोळी घेऊ की जिना चढू, एकच काय ते सांगा," बाबा आज डॉक्टरांना म्हणाले. हार्ट अटॅकनंतर ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉल कमी करणारी 'स्टॅटिन' गटातली गोळी सुरू आहे आणि मांड्या भरून येतात.

डॉक्टरांनी उलट विचारलं, "दोन्ही पाय दुखतात की एकच? खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो?"

स्टॅटिनमुळे दुखतं तेव्हा बहुतेक दोन्ही बाजूंना, मांड्या-दंडांसारख्या मोठ्या स्नायूंत दुखतं. रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासायला सांगितलं. लघवी चहासारखी गडद झाली तर वाट बघत बसायचं नाही, तडक यायचं.

मग त्यांनी २०२० मधल्या 'सॅमसन' अभ्यासाबद्दल सांगितलं. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी गोळी, काही महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही. खऱ्या गोळीने जेवढा त्रास वाढला, त्याच्या ९० टक्के पोकळ गोळीनेही वाढला!

बाबांचा चेहरा उतरला. "म्हणजे मी नाटक करतोय?"

"नाही हो. दुखणं खरंच आहे. कशामुळे, ते शोधायचंय."

त्या 'नाही हो'ने बाबा जरा सैलावले. रिपोर्ट बघून डोस कमी करायचा, जोडीला एझेटिमाइब हे कोलेस्टेरॉलचं वेगळं औषध द्यायचं किंवा दुसरं स्टॅटिन द्यायचं, असं ठरलं. मनाने बंद मात्र करायची नाही. ब्लॉकेज पुन्हा वाढताना दुखून कळवत नाही, हा खरा घोळ.

मला मात्र वेगळंच खटकतंय. असे किती जण डॉक्टरांना न सांगता गोळी गुपचूप सोडत असतील? तुमच्या घरी कुणी सोडलीय?