आमची वाटचाल : होस्ट कोड कोणाच्या हातात?

लहान व्यापाऱ्यांच्या उधारीचा हिशेब लावायचा आणि ती वेळेवर वसूल होईल अशी घडी बसवून द्यायची, हे आमच्या फर्मचं काम. आमचं नाव झालं ते मात्र टेलिसेमिनारमुळे, म्हणजे फोनवर घेतलेल्या सेमिनारमुळे. हॉल नको, प्रवास नको. दुकानदार गल्ल्यावर बसूनच ऐकतो.

पहिल्या सेमिनारचा विषय ठेवला होता, ‘आमच्या सेवांची ओळख’. लाइनवर चार जण आले. त्यातल्या एका ताईंनी दुसऱ्या दिवशी फोन करून सरळ विचारलं, “तुमची ओळख घेऊन मी काय करू? माझे पैसे अडकलेत, ते कसे सोडवू ते सांगा.” हेच पुढच्या सेमिनारचं नाव झालं आणि ताई आमच्या पहिल्या ग्राहक झाल्या. तेव्हापासून नोंदणीच्या अर्जात आम्ही एकच जादा रकाना ठेवतो : तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न कोणता? उत्तरांची चळत जमली की भाषण निम्मं तयार झालेलं असतं.

आता आमची फर्म जवळजवळ बुडवणाऱ्या एका प्रसंगाबद्दल. तो लिहिल्याशिवाय ही वाटचाल खरी होणार नाही.

वसुलीच्याच क्षेत्रात मोठं नाव असलेल्या एका गृहस्थांना आम्ही पाहुणे वक्ते म्हणून बोलावलं. ते म्हणाले, ब्रिज (सगळ्यांचे फोन एकत्र जोडणारी लाइन) माझ्या खात्यावर घेऊ, नोंदणीही माझ्याकडेच होऊ द्या, तुमचा त्रास वाचेल. आम्ही हो म्हणालो. साठवलेली सगळी पुंजी जाहिरातीत घातली. नोंदणी दोनशेच्या वर गेली आणि ब्रिज होता शंभर जणांचा. हे आम्हाला कळलं ते सुरुवातीच्या मिनिटाला, ऑफिसचे फोन खणखणू लागले तेव्हा. उरलेल्यांना एंगेज टोन मिळत होता.

विसाव्या मिनिटाला कोणीतरी आपला फोन होल्डवर टाकला. त्याच्या ऑफिसचं होल्डचं संगीत सगळ्या लाइनवर वाजायला लागलं. सगळ्यांना म्यूट करायचं तर होस्ट कोड, म्हणजे ब्रिजचा ताबा देणारा आकडा, हवा, आणि तो पाहुण्यांकडे. मी त्यांना दुसऱ्या फोनवरून निरोप देत राहिलो. अकरा मिनिटं ते संगीत चाललं. लोक टपाटप बाहेर पडले. शेवटी जे उरले त्यांना या गृहस्थांनी स्वतःच्या अभ्यासक्रमाचं आमंत्रण दिलं. आमच्या योजनेला दीड मिनिटही मिळालं नाही. नंतर नावांची यादी मागितली, तर उत्तर आलं, नोंदणी माझ्याकडे झाली आहे. आमच्या पैशाने जमलेली माणसं महिनाभरात त्यांची ग्राहक झाली. अजूनही हे आठवलं की हात थरथरतो.

दोन सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागला. ऑफिस बंद करायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा ताई म्हणाल्या, “पुन्हा ठेवा. माणसं मी आणते.” त्यांनी स्वतः एकेका ओळखीच्या दुकानदाराला फोन केले. एकतीस जण आले, नऊ ग्राहक झाले. त्या नऊ जणांवर फर्म तरली. पुढची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना थोडं सांगतो. ब्रिज आणि यादी स्वतःच्या नावावर ठेवा. पाहुण्यांना विक्रीतला वाटा जरूर द्या, पण तो आधी लिहून. वायरचा फोन घ्या, हेडसेट लावा, स्पीकरफोनवर कधीच बोलू नका, आवाज घुमतो. कॉल वेटिंग बंद करा. टिपणाचे कागद टाचू नका, सुटे पसरून ठेवा, पान उलटल्याचा आवाज लाइनवर जातो. दुसरा फोन घेऊन एका सहकाऱ्याला श्रोता म्हणून बसवा. आपण कसे ऐकू येतो ते आपल्याला कळत नाही. साध्या टेलिफोनवर साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, म्हणून ‘सात’ आणि ‘साठ’ यांत गल्लत होते. रक्कम सांगताना ‘सहावर शून्य, साठ’ असं म्हणा.

वेळेचं म्हणाल तर तासाभराच्या सेमिनारमध्ये पंचेचाळिसाव्या मिनिटाला मी आमची योजना सांगतो आणि मग प्रश्न घेतो. प्रश्न संपल्यावर सांगायला गेलं तर लोकांनी फोन ठेवलेले असतात. आदल्या दिवशी आणि तासभर आधी आठवण पाठवायचीच. रेकॉर्डिंग दोनच दिवस फुकट ऐकवा. नफा मोजताना लाइनच्या भाड्यासोबत तयारीचे तासही धरा. बहुतेक जण ते धरत नाहीत आणि मग फायदा झाला असं समजून बसतात.

ताई आजही प्रत्येक सेमिनारला पाच मिनिटं आधी लाइनवर येतात. “आवाज स्वच्छ येतोय,” एवढं सांगतात आणि स्वतःला म्यूट करतात. त्यांचं ते वाक्य कानावर पडल्यावरच मी सुरुवात करतो.