संवाद उमटवण्याचे काम: युनिकोड चिन्हांची मोजणी सोडून अक्षरांची मोजणी

राजहंसगडावर घडणाऱ्या माझ्या छोट्या खेळातील पात्रांचे संवाद आता टंकयंत्रावर छापले जावेत तसे एकेका अक्षराने उमटू लागले आहेत. खेळ गोडो ४ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये असून बेळगाव-खानापूर भागातील खेळाडूंसाठी तो मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत करायचा आहे.

मूळ युक्ती सोपी आहे. लेबलला, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाला, पूर्ण मजकूर एकदाच द्यायचा आणि ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स’ हा आकडा शून्यापासून वाढवत न्यायचा. तिथे उणे एक लिहिले की सगळा मजकूर दिसतो. इंग्रजीला एवढे पुरते, परंतु हा आकडा युनिकोडचे (संगणकात लिप्या साठवण्याच्या पद्धतीचे) एकेक चिन्ह मोजतो आणि आपण वाचतो ती अक्षरे. ‘येळ्ळूर’ हे नाव वाचताना तीन अक्षरांचे आहे. प्रोग्रामच्या हिशेबाने मात्र त्यात य, मात्रा, ळ, हलन्त, पुन्हा ळ, दीर्घ उकार आणि र अशी सात चिन्हे आहेत. आकडा एकेकाने वाढवला, तर ‘ये’नंतर आधी सुटा ळ येतो, मग त्याचा पाय मोडतो आणि त्यानंतर कुठे जोडाक्षर तयार होते. ‘निपाणी’ लिहिताना तर न उमटल्यावर वेलांटी त्याच्या डावीकडे शिरते आणि तो उजवीकडे सरकतो. खऱ्या मराठी टंकयंत्रावर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर छापले जाई, त्यामुळे उमटलेले अक्षर जागचे हलत नसे. तो स्थिरपणा मला खेळात हवा आहे.

त्यासाठी मजकूर हाती येताच अक्षरांच्या सीमा काढून ठेवणारे एक फंक्शन लिहिले आहे. व्यंजनाच्या आधी हलन्त नसेल तरच तिथे नवे अक्षर सुरू होते. मात्रा, अनुस्वार, विसर्ग आणि हलन्त मागच्या अक्षराला चिकटतात. काही कीबोर्ड ‘दऱ्या’सारख्या शब्दात हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालतात, त्यालाही हाच नियम लावावा लागतो, नाहीतर प्रत्येक अक्षरासोबत वाजणारी टकटक ऐकू येते आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. आता आकडा एका सीमेवरून थेट पुढच्या सीमेवर जातो. कन्नडमध्ये डावीकडे शिरणारी वेलांटी नाही, परंतु जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली बसते, म्हणून हेच फंक्शन त्या लिपीची चिन्हे देऊन वापरता आले.

मजकूर आकार घेतल्यानंतर, म्हणजे जोडाक्षरे आणि ओळी जुळून झाल्यावर, झाकण्याचा पर्याय त्याच लेबलवर आहे आणि तो निवडणे मला अत्यावश्यक वाटते, कारण त्यामुळे ओळी आधीच ठरतात आणि अर्धा उमटलेला शब्द अचानक खालच्या ओळीत उडी घेत नाही.

वेग सध्या प्रत्येक अक्षराला ०.०५ सेकंद, स्वल्पविरामाला ०.२ आणि पूर्णविरामाला ०.४ सेकंद असा ठेवला आहे. प्रत्येक अक्षरासाठी वेगळा टायमर लावण्याऐवजी प्रत्येक फ्रेमचा (पडद्यावरच्या एकेका चित्राचा) वेळ साठवत जातो आणि साठा पुरेसा झाला की पुढची सीमा गाठतो. सेकंदाला ६० फ्रेमच्या खेळात एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे वेग वाढवल्यावर एका फ्रेममध्ये दोन अक्षरेही उमटवता येतात. बटण एकदा दाबले की वाक्य पूर्ण होते आणि पुन्हा दाबले की पुढचा संवाद येतो. रिकाम्या जागेला आवाज दिलेला नाही.

शब्द रंगीत करण्यासाठी मजकुरात घातलेल्या खुणा सीमा मोजताना वगळण्याचे काम बाकी आहे. ते झाले की कन्नड संवाद खानापूरच्या मित्रांकडून वाचून घेणार आहे.