दिवस गेलेत आणि डोकं उठलंय

“ताई, दिवस गेलेत आणि अर्धशिशी उठलीय. एखादी गोळी चालेल का, की सहनच करायचं?” वडोदऱ्यात दांडिया बाजाराजवळ आमचं औषधांचं दुकान आहे, तिथे हा प्रश्न मला मराठीत आणि गुजरातीत सारखा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. अर्धशिशी मात्र मला कॉलेजात असल्यापासून आहे, आणि दोन्ही बाळंतपणांत ती माझ्यासोबत होती.

सहन करत बसायचं नाही, हे माझं पहिलं उत्तर. “आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?” असं घरातली मोठी माणसं मायेनंच म्हणतात. पण पाण्याचा घोट पोटात टिकत नाही, झोप नाही, अन्न नाही, अशी बाई दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिली तर ते पोटातल्या जिवाच्याही भल्याचं नसतं. आधी घ्यायची ती साधी पॅरासिटामॉल. डोकं ठणकायला लागताच घ्यायची, उलट्या सुरू होईपर्यंत वाट बघायची नाही. 500 ते 1000 मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचं अंतर, आणि काही झालं तरी चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर याहूनही कमी, ते डॉक्टरांनी ठरवायचं. सर्दीतापाच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही या हिशेबात धरा. उलट्या थांबत नसतील तर त्यावरही गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, डॉक्टरांकडे मागून घ्या.

खरी भीती आधीपासून घरात असलेल्या गोळ्यांच्या पट्टीची. नवरात्रात एका रात्री, रस्त्यावर गरब्याची गर्दी असताना, एक तरुण रिकामी पट्टी घेऊन आला. बायकोला चौथा महिना. “हीच द्या, तिला हीच लागू पडते.” मी पट्टी उलटी केली. चकचकीत कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत चार नावं होती: एर्गोटामाइन, कॅफिन, पॅरासिटामॉल, प्रोक्लोरपेराझिन. त्यातलं पहिलं नाव मी त्याला बोट ठेवून वाचायला लावलं. एर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं आणि गर्भाशयही आवळतं. गरोदरपणात ते चालत नाही, बाळ अंगावर पीत असतानाही नाही. मायग्रेनची गोळी म्हणून आपल्याकडे घरोघरी जी ओळखली जाते, तिच्यात बऱ्याचदा हेच असतं. त्याला तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावला. तुमच्याही घरातली पट्टी आत्ताच उलटी करून बघा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या विसाव्या आठवड्यापासून स्वतःच्या मनाने मुळीच नाहीत. बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि शेवटच्या तिमाहीत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याचा धोका असतो. पॅरासिटामॉलने भागत नसेल तर डॉक्टर सुमाट्रिप्टान देऊ शकतात. अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातल्या औषधांपैकी गरोदरपणातला सर्वांत जास्त अनुभव याच औषधाचा आहे, आणि तो दिलासा देणारा आहे. बीपी किंवा हृदयाचा त्रास असेल तर मात्र ते नको.

लग्न ठरलेल्या आणि मूल हवं असलेल्या मुलींना एक गोष्ट मी मुद्दाम विचारते: अर्धशिशी येऊच नये म्हणून रोजची गोळी चालू आहे का? व्हॅल्प्रोएट असेल तर त्याने बाळाच्या मणक्यात आणि मेंदूच्या वाढीत दोष राहू शकतो. टोपिरामेटने ओठ-टाळू दुभंगण्याचा धोका वाढतो. हे बोलणं दिवस राहण्याआधी व्हायला हवं. नंतर लक्षात आलं तरी गोळी आपल्या मनाने बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

दिलाशाची गोष्ट ही की चौथ्या महिन्यानंतर बऱ्याच जणींची अर्धशिशी आपोआप कमी होते. इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन चढं आणि स्थिर राहतं म्हणून. माझीही झाली होती. बाळंतपणानंतर ते झपकन उतरतं, त्यात जागरणं, वेळीअवेळी जेवण, आणि डोकं पुन्हा उठतं. तेव्हा आया दूध तोडायला निघतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेनही आता चालतं, सुमाट्रिप्टान दुधात फार थोडं उतरतं. अ‍ॅस्पिरिन आणि कोडीन टाळा. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर प्रत्येक गोळी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच.

काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात. हे कृपा करून थांबवा. त्या दिवसांत रक्त गोठण्याचा धोका आधीच वाढलेला असतो, शरीरातलं पाणी कमी झालं तर मेंदूतल्या शिरेत गुठळी होण्याचं भय आणखी वाढतं. तिला रात्रीची सलग झोप मिळेल एवढं बाळ कुणीतरी सांभाळा. पाळणा लांबवण्याच्या गोळीची वेळ येईल तेव्हा, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगा. तशा बाईला इस्ट्रोजेनवाली गोळी देत नाहीत, पक्षाघाताचा धोका असतो.

आता ज्यासाठी गोळी शोधत बसायचं नाही ते. विसाव्या आठवड्यानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत नेहमीपेक्षा वेगळं डोकं दुखलं, नजर अंधुक झाली, बरगडीखाली दुखू लागलं, चेहरा-हात सुजले, तर लगेच बीपी मोजा. 140/90 किंवा वर असेल तर त्याच तासाला दवाखाना गाठा. मशीन घरात नसेल तरी तसंच निघा. क्षणात डोकं फुटल्यासारखं झालं, झटका आला, हातपाय लुळा पडला किंवा ताप येऊन मान आखडली, तर बीपी कितीही असो, निघायचंच. मणक्यात इंजेक्शन देऊन सिझेरियन झालं असेल आणि उठून बसलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा. रात्र असेल तर 108 ला फोन करा, आणि “डोकं दुखतंय” म्हणण्याआधी “बाळंतीण आहे, इतके दिवस झालेत” हे सांगा. हॉस्पिटलच्या दारातही आधी तेच सांगा, कारण बाळ घरी आजीजवळ ठेवून आलेली बाई बाळंतीण आहे, हे समोरच्याला दिसत नाही.