तुम्ही विचारलंत म्हणून : जहाज सुटून गेले तर?

क्रूझच्या प्रवासात आम्ही बंदरावरच्या सहली जहाजाकडून न घेता स्वतः गाडी आणि चालक ठरवून करतो, हे कळले की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : परतायला उशीर झाला आणि जहाज सुटून गेले तर? प्रश्न रास्त आहे आणि ‘काही होत नाही हो’ म्हणून तो उडवून लावणे मला पटत नाही, कारण जहाज खरोखरच निघून जाते. मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे या बेटावर खासगी सहलीला गेलेले आठ प्रवासी वेळेत परतले नाहीत. तेथील तटरक्षक दलाने त्यांना बोटीने जहाजापर्यंत पोहोचवले, तरीही त्यांना वर घेतले गेले नाही. पुढे एकामागून एक देश ओलांडत अखेर सेनेगलमधील डाकार बंदरात त्यांनी ते जहाज गाठले. जहाजानेच विकलेल्या सहलीची बस वाटेत अडकली, तर जहाज सहसा थांबते किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर नेण्याची सोय कंपनी करते. आपण स्वतः ठरवलेल्या गाडीला हे संरक्षण नसते. म्हणून काय पाहायचे हे मी नंतर ठरवते. परत कसे यायचे, त्याचा विचार आधी करते.

ज्या बंदराबद्दल मला सर्वाधिक विचारले जाते, त्या चिवितावेक्क्याचेच उदाहरण घेऊ. रोमसाठी जहाजे लागतात ती येथे, आणि वर्षाला तीस लाखांहून अधिक क्रूझप्रवासी या बंदरातून ये-जा करतात. रोम येथून सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे, म्हणजे गाडीने जायला तास-सव्वा तास आणि संध्याकाळच्या गर्दीत परतायला त्याहून बराच अधिक वेळ धरावा लागतो. जहाज सातला सुटणार असेल, तर प्रवाशांनी साधारण अर्धा-एक तास आधी वर आलेले असावे अशी अपेक्षा असते, आणि मोजायची असते ती हीच वेळ. चालकाला मी तीही सांगत नाही. त्याच्या दीड-दोन तास आधीची वेळ लेखी कळवते, आणि दुपारी तो ‘अजून एक ठिकाण होईल’ असे प्रेमाने म्हणाला तरी ती बदलत नाही. येथे मी निर्धास्तपणे खासगी गाडी घेते, कारण परतीची दुसरी वाट हाताशी असते. रस्ता तुंबलाच, तर रोमहून चिवितावेक्क्याला दिवसभर रेल्वेगाड्या आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी, हेही विचारले जाते. जहाजाच्या सहलीत चाळीस-पन्नास माणसे एका बसमध्ये असतात. सकाळी जहाजावरच्या नाट्यगृहात जमायचे, छातीवर क्रमांकाची चिकटपट्टी लावायची आणि प्रत्येक थांब्यावर शेवटचा माणूस येईपर्यंत खोळंबायचे, यात दिवसाचा मोठा वाटा जातो. गुडघे दुखणारे वडीलधारे माणूस सोबत असेल, तर बस जिथे सोडते तिथून चालण्यातच त्याचे बळ संपते. छोटी गाडी जवळ जाते, थांबते आणि क्रमही बदलू देते. रोममधल्या अव्हेंटाइन टेकडीवर एक बंद दरवाजा आहे. त्याच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला, की दोन्ही बाजूंनी कातरलेल्या झाडांच्या हिरव्या बोळाच्या टोकाशी व्हॅटिकनच्या सेंट पीटर चर्चचा घुमट नेमका मधोमध दिसतो. मोठ्या बसच्या फेरीत अशा जागेला स्थान मिळणे कठीण असते. खर्चाचे गणितही वेगळे असते : बसचे तिकीट माणशी असते, गाडीचे भाडे गाडीला असते. दोघांना ते महाग पडते, पाच-सहा जणांना अनेकदा स्वस्त. तरीही केवळ पैसे वाचवण्यासाठी हा मार्ग कोणी धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ठरवताना काही गोष्टी आधीच विचारून घ्याव्या लागतात. गाडी थेट जहाजाशी येणार की बंदराच्या फाटकाबाहेर, हे लेखी घ्यावे. चिवितावेक्क्यात बंदराची मोफत बस प्रवाशांना लार्गो देल्ला पाचे या चौकापर्यंत सोडते आणि भेट बहुधा तिथेच ठरते. चालक आणि मार्गदर्शक एकच असतील असे गृहीत धरू नये. चालक गाडीत कितीही सुरेख माहिती सांगत असला, तरी कोलोसियमच्या आत मार्गदर्शन करायला परवानाधारक मार्गदर्शक लागतो. कोलोसियमची तिकिटे नावानिशी असतात, त्यामुळे ओळखपत्र जवळ हवे. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद असतात. जहाज रविवारी लागणार असेल, तर हे कळायला बंदरावर उतरण्याची वाट पाहू नये. आणि जहाज त्या बंदरात आलेच नाही तर आगाऊ रक्कम परत मिळेल, हे वाक्य पावतीत नसेल तर मी पैसे भरत नाही.

याहूनही नाजूक बाब घड्याळाची आहे. अनेक जहाजे आपली वेळ बंदराच्या वेळेप्रमाणे बदलत नाहीत, आणि खिशातला फोन मात्र किनाऱ्यावर पाऊल पडताच स्वतःहून स्थानिक वेळ धरतो. म्हणून हातातले साधे घड्याळ मी जहाजाच्या वेळेवर ठेवते. बंदरातील जहाजाच्या एजंटचा फोन क्रमांक बहुतेक वेळा खोलीत येणाऱ्या दैनिक पत्रकावर छापलेला असतो. ते पत्रक आणि पासपोर्टची प्रत पर्समध्ये असते.

ग्रीसमधील सॅन्टोरिनी बेटासारख्या ठिकाणी मात्र माझे उत्तर सावध असते. तेथे जहाज समुद्रात उभे राहते आणि प्रवासी छोट्या बोटींनी उतरतात. पहिल्या बोटी बहुधा जहाजाच्या सहलींना मिळतात. बाकीचे कड्याच्या पायथ्याशी जुन्या बंदरात उतरतात, तिथून वर ‘फिरा’ या गावात जायला केबल कार किंवा पाचशेहून अधिक पायऱ्या. दुपारी खाली येणाऱ्यांची रांग केबल कारपाशी लागते, आणि चालक कितीही वक्तशीर असला तरी त्या रांगेपुढे त्याचे काही चालत नाही.

आणि फ्रान्सच्या ल हाव्र बंदराहून पॅरिस? ते अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे, एका बाजूचे. पॅरिस पाहायचेच असेल, तर तेथे मी जहाजाचीच बस घेईन. त्याच बंदरापासून तीसेक किलोमीटरवर एत्रेताचे पांढरे कडे आहेत आणि पूल ओलांडला की ओंफ्लरचे जुने बंदर. त्या दोन्हींसाठी गाडी खुशाल स्वतः ठरवावी.