तुम्ही विचारलंत म्हणून: मला काय कमी आहे?

"काकू, तुम्हाला काय कमी आहे? गंगापूर रोडला स्वतःचा फ्लॅट, मुलगा पुण्यात चांगल्या नोकरीत. मग त्या जुन्या मार्टसाठी एवढ्या का भांडलात?"

लिफ्टमध्ये विचारतात, जॉगिंग ट्रॅकवर विचारतात, भिशीत तर हमखास विचारतात. काहीजणी पुढे जोडतात, "आणि आता तर तुम्हीपण नव्या दुकानात दिसता." दिसते. लपून जात नाही. दूध-ब्रेड तिथेच घेते, कारण ते दुकान खाली आहे आणि माझे गुडघे वर आहेत, ते खाली न्यायलाच जड जातात. पण प्रत्येक वेळी मला लिफ्टच्या तीन मजल्यांत मावेल एवढंच उत्तर देता आलं आहे, आणि ते दर वेळी अर्धवट राहिलं आहे. म्हणून एकदा सगळं लिहिते.

मार्टचा भाडेकरार संपला, जागामालकाने जास्त भाडं देणाऱ्या मोठ्या साखळीला जागा दिली. हा त्यांचा हक्क आहे, त्यावर माझा आक्षेप तेव्हाही नव्हता. नव्या दुकानासाठीच्या निवेदनात आम्ही एवढंच मागितलं होतं की नव्या दुकानात धान्य-कडधान्याचा सुटा विभाग असावा आणि पाव किलोपासून वजन करून मिळावं. पहिली सही माझी. त्याखाली फार सह्या आल्या नाहीत, हे तुम्ही जाणताच.

आता "काय कमी आहे" याबद्दल.

नाशिकमधला हा फ्लॅट आम्ही 1994 मध्ये घेतला, ह्यांच्या प्रॉव्हिडंट फंडातून उचल करून. तेव्हा इकडे मागच्या बाजूला द्राक्षाच्या बागा होत्या आणि संध्याकाळनंतर रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. नातेवाईक म्हणाले होते, गावाबाहेर कशाला जाता. आज एजंट फोन करून जो आकडा सांगतात तो ऐकून मलाही आश्चर्य वाटतं. पण तो आकडा घर विकलं तरच हातात येतो, आणि घर विकून मी राहायचं कुठे? भाव घराचा वाढला. माझं उत्पन्न वाढलेलं नाही. ही साधी गोष्ट मला इतक्या वेळा समजावून सांगावी लागली आहे की आता सांगताना आवाज चढतो.

हे सातपूरच्या एका कारखान्यात होते. ईपीएस-95 ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबर मिळणारी कामगारांची पेन्शन कशी बसते ते सातपूर-अंबडमधून निवृत्त झालेल्या कुणालाही विचारा. पगार हातात कितीही येवो, ह्यांच्या काळात पेन्शनसाठी तो बहुतेकांचा 6,500 रुपयेच धरला जायचा. त्याला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि 70 ने भागायचं. ह्यांना दोन हजारांच्या आत मिळायची. ते गेल्यावर बायकोला त्याच्या निम्मी. निम्मी हजाराच्या खाली जाते, म्हणून मला किमान पेन्शन मिळते, 1,000 रुपये. ही किमान रक्कम सप्टेंबर 2014 मध्ये ठरली. तेव्हापासून डाळीचे, तेलाचे, गॅसचे भाव कुठे गेले ते मी सांगायला नको.

बाकी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज, तेही तीन महिन्यांनी एकदा. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारी. या महिन्यांत मी वाणसामान भरून ठेवते आणि मधल्या महिन्यांत पाव किलो, अर्धा किलो असं आणते. लाडकी बहीण योजना 65 वर्षांपर्यंत, मी त्यापुढे गेलेली. मुलगा दर महिन्याला पैसे पाठवतो, न चुकता पाठवतो, हे इथेच स्पष्ट सांगते. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

जुन्या मार्टमध्ये आत शिरल्यावर डावीकडे तूर, मूग, मसूर, शेंगदाणे, पोहे, भगर, साबुदाणा सगळं उघड्या पिंपांत असायचं. आपण पिशवीत घ्यायचं, दुकानातला मुलगा वजन करून चिकटपट्टी लावायचा. 18 जुलै 2022 पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदळावर 5 टक्के जीएसटी लागला, ब्रँड असो वा नसो. सुटं विकलं तर लागत नाही. मार्टवाल्याने पिंपं ठेवली त्यामागे हेही एक कारण होतं, तो स्वतःच सांगायचा. माझ्यासारखीला त्याहून मोठी सोय ही की हातात जेवढे पैसे तेवढंच घेता यायचं, आणि ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पाव किलो शेंगदाणे घेणारी बाई उपासापुरते घेत असेल असं समजून लोक पुढे जायचे.

"डीमार्टला जा ना मग." जाते. पण बसने जायचं म्हटलं तर सिटीलिंकमध्ये दोन जड पिशव्या घेऊन चढायचं-उतरायचं, आणि रिक्षाने आलं तर वाचवलेले पैसे रिक्षाला. भाजी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजारातून आणायचे, ते आता जमेल तेव्हा. दहा मिनिटांत घरी देणारी ॲप आहेत, त्यांना थोडंसं मागवलं की पोचवण्याचे पैसे वेगळे. प्रत्येक सूचनेवर माझ्याकडे उत्तर आहे, कारण प्रत्येक सूचना मी आधीच करून पाहिली आहे.

आता ती सभा, नव्या दुकानावर बोलण्यासाठी भरलेली.

पार्किंगमध्ये, गणपतीच्या मंडपाच्या खुर्च्या टाकून. आजूबाजूच्या चार-पाच इमारतींतले लोक होते. बोलणी सुरुवातीला चांगली झाली. मार्टच्या बाहेर दुचाक्या कशाही लावतात, टेम्पो सकाळी रस्ता अडवतो, मागच्या बाजूला उंदीर झालेत. सगळं खरं होतं, मीही मान डोलावली. मग एकजण म्हणाले की नवं दुकान आलं की एरियाचा दर्जा वाढेल, फ्लॅटचे रेट वाढतील. टाळ्या पडल्या. मी उठून सुट्या धान्याचं बोलले. माझं झाल्यावर नव्या टॉवरमधला एक मुलगा उभा राहिला. अगदी नम्र होता, अजूनही भेटला की वाकून नमस्कार करतो. म्हणाला, "काकू, तुम्ही कामाच्या मावशींचा विचार करताय हे खूप चांगलं आहे. पण त्यांना तर रेशन मिळतं ना."

रेशनबद्दल मला त्याला बरंच सांगायचं होतं. शहरात कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 59,000 रुपयांच्या वर असेल तर अन्नसुरक्षेचं धान्य मिळत नाही, आणि महिन्याला पाच हजारांत नाशिकमध्ये कुठलं कुटुंब जगतं? आमच्याकडे येणाऱ्या मावशींचा नवरा वॉचमन आहे, दोघांचं मिळून ते त्या रेषेच्या कितीतरी वर जातात, तरी महिनाअखेर हात रिकामे. पण मी हे बोलले नाही. मी म्हणाले, "मी मावशींसाठी नाही, माझ्यासाठी बोलतेय. मला परवडणार नाही."

एकदम शांतता झाली. कुणी फोन काढला. माझ्या समोरच एक गृहस्थ बसले होते, तेही सातपूरचेच निवृत्त, त्यांना मी मार्टमध्ये कितीदा मोजून घेताना पाहिलं आहे. त्यांनी खाली पाहिलं. त्यांनी सहीही केली नाही. मला त्यांचा राग नाही, खरंच नाही. माझे हे असते तर त्यांनीही केली नसती, आणि मलाही करू दिली नसती.

मग कमिटीतल्या एक ताई उठल्या, मायेने म्हणाल्या, "काकू, असं बोलून आम्हाला परकं करू नका. आम्ही सगळे आहोत ना तुमच्यासाठी." आणि पुन्हा टाळ्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात. त्या क्षणी दुकानाचा विषय संपला आणि माझा विषय सुरू झाला. सुट्या डाळीचं काय, हे पुढे कुणी विचारलंच नाही. चहा आला.

त्याच आठवड्यात बेल वाजली. तिघीजणी दारात, हातात मोठी पिशवी. आत बासमती तांदूळ, ओट्स, ऑलिव्ह ऑइलची बाटली, बदाम, मध. जे मी एरवी कधीच आणत नाही ते सगळं. दारात आलेल्या माणसाला मी परत पाठवत नाही, म्हणून बसवलं, पिशवी घेतली, सरबत केलं. निघताना एकीने फोटो काढला. चेहरा नाही काढला, फक्त हात आणि पिशवी. रात्री तो ग्रुपवर आला, "आपल्या परिसरातील ज्येष्ठांसाठी एक छोटासा प्रयत्न", पुढे हात जोडलेले. मागे माझ्या दारावरची नावाची पाटी अर्धी दिसत होती. अर्धी पुरेशी होती.

कुणीतरी काळजीपोटी मुलाला पुण्याला फोन केला. मग त्याचा मला आला. ओरडला नाही. ओरडला असता तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. तो म्हणाला, "आई, मी पाठवत नाही का? तू मला का नाही सांगितलंस? चारचौघांत का सांगितलंस?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. त्याचा घराचा हप्ता आहे, नातीच्या शाळेची फी आहे, मी मागितले तर तो आणखी पाठवेल, आणि ते त्याला कुठून काढावे लागतील हेही मला माहीत आहे. मी त्याच्याकडे मागत नव्हते, कारण जुन्या मार्टमुळे मागायची वेळ येत नव्हती. मला फुकट नको होतं, स्वस्त हवं होतं. माझ्या पैशांत, मला हवं तेवढं, कुणाला न सांगता. हे मी त्याला फोनवर सांगायला गेले तर ते त्याला आणखी लागलं. त्याच्या मते आईने मुलाकडे मागायला लाज कसली. माझ्या मते लाजेचा प्रश्नच नाही. आम्ही दोघं तिथेच थांबलो आहोत.

सकाळी मी पिशवी त्या ताईंच्या घरी परत दिली, जशीच्या तशी. त्या म्हणाल्या, "परत करताय म्हणजे तशी गरज नाहीये ना काकू?" तुमच्यापैकी अनेकांनी नंतर हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारलं. मदत नाकारली म्हणजे गरज नव्हती, गरज होती तर मदत घ्यायला हवी होती. या दोन्हींच्या मध्ये एक दुकान होतं, हे मला कुणाच्या गळी उतरवता आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, जी तुम्ही विचारत नाही, पण मी स्वतःला विचारते. हे मार्ट आलं तेव्हा कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. वर्षानुवर्षं त्यांच्याकडे आमची वही होती, पगार झाला की हिशेब. मार्टमध्ये सगळं छापील किमतीपेक्षा कमी, म्हणून आम्ही सगळ्याच तिकडे वळलो आणि किराणा बंद झाला. तेव्हा ह्यांना मी म्हणाले होते, "ज्याला जमत नाही त्याने बंद करावं, आपण का जास्त द्यायचं?" आज हेच वाक्य लोक मला ऐकवतात, फक्त माणसं बदलली आहेत. ती तेव्हाची मी आत्ताच्या मला म्हणते, बाजार असाच चालतो, तुला तेव्हा चाललं, आता का नाही? मी तिला म्हणते, तेव्हा स्वस्त झालं म्हणून लोक गेले, आता महाग झालं तरी जावं लागतंय, हे एक नाही. ती म्हणते, किराणावाल्याच्या बायकोला विचार एक आहे की नाही. यावर मी अजून निरुत्तर आहे.

नव्या दुकानाबद्दलही खोटं बोलणार नाही. स्वच्छ आहे, थंड आहे, बिलाला उभं राहावं लागत नाही, काउंटरवरच्या मुली नीट बोलतात. निवेदन घेऊन गेले तेव्हा मॅनेजरने खुर्ची दिली, ऐकून घेतलं, म्हणाले माल काय ठेवायचा ते वरून ठरतं. नंतर खालच्या फळीवर डाळींची अर्ध्या किलोची पाकिटं आली. "बघा काकू, ऐकलं की त्यांनी," असं तुम्ही म्हणालात. ऐकलं असेल. पाकिटावर ग्रॅममागे दर छापलेला असतो, तो मी चष्मा लावून वाचते. लहान पाकिटाचा दर मोठ्यापेक्षा जास्त आहे. ज्याच्या हातात कमी पैसे, त्याला डाळ महाग. तरी पाकिटं ठेवली हे बरं केलं, आणि सुट्या विभागाची मागणी मी सोडलेली नाही. सही मागे घ्या म्हणून जे सांगतात त्यांना हेच उत्तर.

मुलगा आता दर फोनला विचारतो, "आई, पुरतंय ना?" मी पुरतंय म्हणते. त्या दिवशी पार्किंगमध्ये मी गप्प बसले असते तर त्याला हे विचारावं लागलं नसतं. पण मग तुम्ही आजही मला मावशींसाठी भांडणारी भली बाई समजत राहिला असतात, आणि या रस्त्यावर कुणाला काही महाग पडतं हे कुणाच्या तोंडून बाहेरच आलं नसतं.