फाल्गुनात कोणते अत्तर लावावे?

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी हिना लावण्याची पद्धत आहे, आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीच्या डाळीबरोबर मोगऱ्याची किंवा वाळ्याची कुपी बाहेर निघते. थंडीला उष्ण अत्तर आणि उन्हाळ्याला थंड अत्तर, इतके साधे ते गणित आहे. या दोन्हींच्या मधल्या दीड-दोन महिन्यांत, म्हणजे माघाच्या उत्तरार्धात आणि फाल्गुनात, काय लावावे हे मात्र कोणी ठरवून ठेवलेले नाही. कारण या दिवसांत परभणीत थंडीही असते, उन्हाळाही असतो आणि कधी कधी दोन्ही एकाच दिवशी असतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर आमच्याकडे पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास असतो आणि दुपारी तो ३२-३३ अंशांवर गेलेला असतो. सकाळच्या कॉलेजला मी स्वेटर आणि स्कार्फ घालून निघते आणि परतताना तोच स्वेटर स्कूटरच्या डिकीत कोंबलेला असतो. त्यात अवकाळीचा नेम नाही. २०१४ साली तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात ठिकठिकाणी गारपीट झाली आणि काढणीला आलेले गहू, हरभरा आणि ज्वारी आडवी झाली. अशा ऋतूत सकाळी सातला लावलेला सुगंध दुपारी दोनलाही सुसह्य वाटला पाहिजे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

सुगंधी द्रव्यांपैकी काही लवकर उडतात, काही सावकाश उडतात, आणि उष्णता वाढली की सगळ्यांचाच वेग वाढतो. लिंबू, संत्रे आणि बर्गामोट हे लिंबूवर्गीय फळ यांचा वास सर्वांत आधी येतो आणि सर्वांत आधी जातो; त्यानंतर गुलाब-मोगऱ्यासारखी फुले येतात; चंदन, वाळा, अंबर, कस्तुरी मागे रेंगाळतात. थंड हवेत जड द्रव्ये त्वचेला धरून बसतात, म्हणून पहाटे हिना अगदी मवाळ वाटतो. मात्र हिन्यात आणि शमामा या तशाच मसालेदार अत्तरात जटामांसी, नागरमोथा, लवंग, केशर यांच्या जोडीला आपल्या काळ्या मसाल्यातले दगडफूलही असते, आणि दुपारच्या उन्हात हे सगळे एकदम उसळून येते. पहाटे आवडलेला हिना स्टाफरूमच्या पंख्याखाली दुपारी शेजारच्या खुर्चीपर्यंत पोहोचतो आणि तिथल्या माणसाचे डोके धरतो.

उलट टोकाला कलोन हे हलके सुगंधी पाणी आहे. जर्मनीतल्या कलोन शहरात स्थायिक झालेल्या योहान मारिया फारिना या इटालियन सुगंधकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी हे पाणी तयार केले, आणि त्या वासाने आपल्याला इटलीतली वसंतातली, पावसानंतरची सकाळ आठवते, असे त्याने भावाला कळवले होते. वसंतासाठी याहून चांगली शिफारस मिळणार नाही. पण ती इटलीतल्या वसंताची आहे. कलोनमध्ये सुगंधी तेलाचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के असते आणि त्यातही भर लिंबूवर्गीय तेलांचा असतो, त्यामुळे आमच्याकडच्या कोरड्या हवेत ते दुसऱ्या तासिकेपर्यंतही टिकत नाही. शिवाय बर्गामोटच्या नैसर्गिक तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते, आणि ते लावलेल्या त्वचेवर थेट ऊन पडले की काळे डाग पडू शकतात. आता अनेक कंपन्या बर्गाप्टेन काढलेले तेल वापरतात. तरीही फाल्गुनात उघड्या मानेवर असे काही लावून स्कूटरवर बसू नये, असेच मी म्हणेन.

तेव्हा माझे मत असे की, या ऋतूत अत्तराची निवड सकाळकडे पाहून करू नये, दुपारकडे पाहून करावी. सकाळी सुगंध थोडा कमी जाणवला तरी बिघडत नाही. दुपारी जास्त झाला तर तो अंगावरून काढून ठेवता येत नाही. या कसोटीला मला वाळाच सर्वांत नीट उतरलेला दिसतो. तो आपण उन्हाळ्याचा मानतो, माठात मुळ्या टाकतो, कूलरला ताट्या लावतो. पण त्याचे तेल मुळात जड आणि सावकाश उडणारे आहे, इतके की इतर सुगंध टिकवून धरण्यासाठी जगभरचे सुगंधकार ते वापरतात. म्हणजे तो टिकतो चंदनासारखा आणि वाटतो थंड, आणि असा जोड दुसऱ्या फारशा द्रव्यांत मिळत नाही. पहाटेच्या गारव्यात त्याचा मातकट, किंचित धुरकट भाग वर येतो आणि ऊन चढले की हिरवा, ओलसर भाग जाणवू लागतो. ज्यांना नुसता वाळा उग्र वाटतो त्यांनी त्यात थेंबभर गुलाब मिसळून पाहावा. मोगरा मात्र मी एवढ्यात सुचवणार नाही, कारण स्वेटरच्या लोकरीत तो दिवसभर कोंडून राहतो आणि संध्याकाळपर्यंत नकोसा होतो.

निवड कुठे करायची, हाही प्रश्न आहे. मॉलमधल्या थंडगार दुकानात कागदाच्या पट्टीवर हुंगलेल्या सुगंधावरून आमच्या दुपारचा काहीही अंदाज येत नाही. परभणीला तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारीत भरतो, आणि तिथल्या अत्तराच्या दुकानांत निवड करणे मला अधिक भरवशाचे वाटते. कुपीचे काचेचे बूच उघडून दुकानदार त्याचे टोक हाताच्या पाठीवर अलगद टेकवतात. तेलाची रेघ क्षणभर चमकते आणि मग त्वचेत उतरते. तिथले एक वयस्कर चाचा मला म्हणाले होते, ‘ताई, इथं सावलीत पसंत करू नका. लावा, उन्हात एक चक्कर मारून या अन् मग सांगा.’ एवढा शहाणा सल्ला मला कुठल्याही महागड्या काउंटरवर मिळालेला नाही. मनगटावर मनगट घासू नये, एका वेळी दोनापेक्षा जास्त अत्तरे लावून पाहू नयेत आणि अर्ध्या तासाच्या आत पैसे देऊ नयेत, इतके पथ्य पाळले तरी पुरते. परंपरेने अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात. चंदन महागल्यापासून स्वस्त अत्तरांत लिक्विड पॅराफिन सर्रास असते, तेव्हा फारच स्वस्त मिळालेल्या ‘चंदनी’ अत्तराविषयी दुकानदाराला सरळ विचारावे.

अवकाळीच्या दिवसांसाठी मी एक वेगळी कुपी ठेवते, ती मातीच्या अत्तराची. कनौजला भाजलेल्या मातीचे तुकडे तांब्याच्या देगेत पाण्यासह उकळतात आणि त्यांची वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवतात. ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या संशोधकांनी १९६४ साली पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या या अत्तराचाही उल्लेख केला होता. आभाळ भरून आलेल्या दमट दिवशी नाकाला वास अधिक चांगला कळतो, त्यामुळे हे अत्तर नेहमीच्या निम्मे लावले तरी चालते.

लावण्याच्या जागेविषयी थोडे. या दिवसांत त्वचा कोरडी पडलेली असते आणि कोरड्या त्वचेवर सुगंध टिकत नाही, म्हणून आधी किंचित खोबरेल किंवा व्हॅसलीन लावावे आणि त्यावर कोपराच्या आतल्या बाजूला अत्तराचे एक बोट फिरवावे. पांढऱ्या किंवा रेशमी कपड्यावर तेलाचा डाग राहतो; तिथे कानातला फायाच बरा, आणि दुपारी उकडू लागले की तो काढून कुपीच्या डबीत टाकताही येतो. दुपारी पुन्हा लावण्याचा मोह आवरावा. तासाभरात आपल्या नाकाला स्वतःच्या अत्तराची सवय होते आणि ते उडून गेले असे वाटते, पण जिंतूरच्या एसटीत शेजारी बसलेल्या बाईंना ते चांगले जाणवत असते. शंका आली तर घरातल्या कोणाला तरी विचारावे. मी मुलीला विचारते, आणि ती बहुतेक वेळा ‘आई, बस झालं’ असेच म्हणते.