तुम्ही विचारलंत म्हणून: विमानतळ आला की गावातल्या पोरांना खरंच काम मिळतं का?

मी गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर उतरलेल्या विमानाच्या सामान-प्रवाशांच्या कामात आहे, घर सीमेअलीकडे सिंधुदुर्गात, बांद्याजवळ, आणि हे कळलं की समोरचा माणूस पाच मिनिटांत हाच प्रश्न काढतो. वाडीतले काका विचारतात, "आमच्या पोरांका थंय घेतत काय रे?" हल्ली सासवडकडची ओळखीतली माणसं जास्त विचारतात, कारण पुरंदरच्या सात गावांत विमानतळ येऊ घातलाय, अंजीर-सीताफळाच्या बागा जाणार म्हणून घराघरात जीव टांगणीला लागलाय. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

काम मिळतं. माझंच घर त्यावर चाललंय. पण ते कोणाला मिळणार हे पहिलं विमान उतरायच्या दोन वर्षं आधीच बरंचसं ठरून गेलेलं असतं, आणि गाव तेव्हा मोबदल्याच्या भांडणात अडकलेलं असतं.

आधी एक साधी गोष्ट. माणसं लागतात ती विमानांमुळे, नुसत्या धावपट्टीने कोणाचं पोट भरत नाही. आमच्या सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आम्ही सगळे किती हरखलो होतो, पण दिवसाला एखाद-दुसरं विमान, मुंबईचं तर मधे बंदच पडलं, मग तिथे सामान चढवणारे-उतरवणारे लोडर किती लागणार आणि चहाची टपरी कोणाच्या जिवावर चालणार? मोपाला ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली, पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला ४४ लाख प्रवाशांची. युरोपातल्या विमानतळांच्या संघटनेचा जुना ठोकताळा आहे, दहा लाख प्रवाशांमागे विमानतळाच्या आवारात साधारण ९५० नोकऱ्या. आपल्याकडे आकडा कमीजास्त होईल, पण हिशोबाची दिशा तीच. म्हणून पुरंदरवाल्यांनो, किती एकर घेणार हे विचारताय तसं रोज किती विमानं येणार हेही विचारा.

आता आतली गोष्ट, जी कोणी सांगत नाही. विमानतळावर आत काम करायचं तर एंट्री पास लागतो, आम्ही त्याला एईपी म्हणतो, आणि त्याआधी पोलीस व्हेरिफिकेशन. आमच्या शेजारचा एक पोरगा, बारावी झालेला, अंगाने दणकट, लोडर म्हणून निवड झाली, युनिफॉर्मचं मापसुद्धा घेतलं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव एक, आधारवर दुसरं, आडनावाच्या जागी एकीकडे गावाचं नाव. ते दुरुस्त करायला सेतू, मग शाळा, मग परत सेतू असं करत अडीच महिने गेले, आणि ज्या मॅनपॉवर कंत्राटदाराकडे त्याचं नाव होतं त्याने तोवर बाहेरून माणूस आणून जागा भरली. पोरगा रडला नाही, पण त्याची आई माझ्याकडे येऊन पायरीवर बराच वेळ बसली होती, काही न बोलता. ते मला अजून टोचतं, कारण मला हे सगळं माहीत होतं आणि मी आधी सांगायला हवं होतं.

दुसरं, रात्रीची गाडी. विमानतळ चोवीस तास चालतो. पहाटे चारच्या शिफ्टला मी अडीचला उठतो, बाईक काढतो, पावसात पत्रादेवीच्या पुढे हायवेवर समोरचं काही दिसत नाही. माझ्याकडे बाईक आहे म्हणून मी टिकलो. चेक-इन काउंटर, व्हीलचेअर असिस्टन्स, विमान आतून साफ करणं ही कामं आमच्याकडच्या मुली उत्तम करतात, पण रात्री साडेअकराला शिफ्ट सुटल्यावर घरी सोडणारी गाडी नसेल तर घरचे पाठवत नाहीत आणि त्यांचं चूकही नाही. माझं ठाम मत आहे, आजूबाजूच्या गावांतून शिफ्टच्या वेळेला एक बस फिरवली तर जेवढी स्थानिक माणसं कामाला लागतील तेवढी दहा रोजगार मेळाव्यांनी लागणार नाहीत.

एक गोष्ट मात्र सीमेपलीकडचा माणूस म्हणून मला बोललीच पाहिजे. मोपाचा सडा, म्हणजे पठार, गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या लोकांचा होता, काजूच्या बागा त्यांच्या गेल्या, धनगरांची घरं हलली. त्यामुळे पहिला हक्क त्यांचा, मग आम्हा बांदा-सावंतवाडीवाल्यांचा. पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांनी काउंटरसाठी आंदोलनं केली तेव्हा बरेच प्रवासी वैतागले, पण ज्याची जमीन गेली त्याने गेटवर गाडी लावायला जागा मागितली तर ती भीक नाही हो.

हे आधीच नीट जमवता येतं हे कोचीने दाखवलंय. १९९९ मध्ये नेडुंबासेरीला तो विमानतळ उभा राहिला तो हजारो अनिवासी भारतीयांचं भागभांडवल घेऊन, आणि ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पुनर्वसनात प्लॉटसोबत टॅक्सीचे परमिट आणि विमानतळावरची कामं दिली गेली. २०१५ मध्ये पूर्ण विमानतळ सोलरवर गेला, तर पॅनलच्या मधल्या जमिनीत भाजी पिकवायला लागले. भाजीचं मला फार आवडतं. कारण बाहेरचा रोजगार असाच असतो, बारीकबारीक. आमच्या ओळखीच्या एका वहिनी विमानतळावरच्या पोरांच्या युनिफॉर्मला इस्त्री करतात, आठवड्याला गठ्ठाच्या गठ्ठा येतो, दोघांनी वरची खोली स्टाफला भाड्याने दिलीय, एकजण पहाटेच्या शिफ्टला पोहे पोचवतो. यातलं काही सरकारी आकड्यात येत नसेल, पण वाडीत पैसा फिरतोय तो यातून. टर्मिनलमधल्या हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ दहा किलोमीटरच्या आतून घ्यायचे अशी अट कंत्राटातच घातली तर किती फरक पडेल, कोणी ती मागत का नाही कळत नाही.

तर सासवडच्या काकांनी परवा विचारलं, भाची बारावीला आहे, आत्तापासून काय करू? काका, तिच्या आधारवरचं नाव, दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख शेजारी शेजारी ठेवून बघा, फरक असेल तर याच महिन्यात दुरुस्त करून घ्या. इंग्लिश आणि हिंदी बोलायचा सराव होऊ दे. आणि पुढच्या बैठकीला साहेब आले की मोबदल्याच्या बरोबरीने शिफ्टच्या बसचं विचारा, लेखी द्या, पोचपावती घ्या.